मे महिन्यातला ओढा

गुरुवार, २० जुलै २००६. कात्रज.

डोकं अजून तापलेलंच आहे. चहासुद्धा गोड लागला नाही.

शहरात कुठे बांधकाम चालेल आणि कुठे नाही, हे रंगांनी दाखवणारा नकाशा आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर तयार होतोय. लाल म्हणजे हात लावायचा नाही. आमच्या घरामागचा ओढा त्यात पिवळा आलाय. म्हणजे खुशाल बांधा! का, तर उपग्रहाचं चित्र मे महिन्यातलं. पावसाळ्यात ढगांमुळे स्वच्छ चित्र मिळत नाही, म्हणून मे. आणि मे महिन्यात ओढ्याला पाणी कुठून असणार?

आज हे आमच्या देसाई सरांना सांगितलं. म्हणाले, "अहो मॅडम, चित्रात पाणी दाखवा, लगेच लाल करतो."

"सर, माझ्याबरोबर घरी चला. चपला हातात घेऊन ओलांडावा लागतोय तो."

हसले. "आपण भावनेवर नाही, डेटावर चालतो."

भावना? सकाळी माझी सलवार गुडघ्यापर्यंत भिजली, ती भावना?

संध्याकाळी घरी येताना पाहिलं, ओढ्याच्या कडेलाच नवा फलक लागलाय. मोठ्या इमारतींची स्कीम. "ओढ्याकाठी, निसर्गाच्या कुशीत." ओढा मे महिन्यातला नाही हं, चांगला दुथडी भरलेला रंगवलाय.

चित्रात पाणी हवंय ना सरांना? उद्या त्या फलकाचा फोटो काढून त्यांच्या टेबलावर ठेवते. निळंशार पाणी आहे. वर दोन बदकंसुद्धा.