फुटण्याआधीचा सचिन

६ एप्रिल
सिंदी मेघे गावातली खोली पाहताक्षणी आवडली! खिडकीखाली वांग्याचे वाफे, पलीकडे मेथी. घरमालकीण मनकर्णाबाई एकट्याच राहतात, भाजी पिकवून बाजारात नेतात. आल्या आल्या त्यांनी मला गरम भाकर आणि भरीत वाढलं. माझं काम घरूनच. परदेशातल्या प्रयोगशाळेत रेणूवर क्ष-किरण लेसरचा प्रखर झोत सोडतात. रेणू तत्क्षणी फुटतो, तुकडे चहूकडे उडतात. कुठला तुकडा कुठे, किती वेगानं आदळला, यावरून फुटण्याआधी तो कसा होता हे मी लॅपटॉपवर उभं करते. अशा कामाला अशीच शांत जागा हवी होती.

९ एप्रिल
मनकर्णाबाई चहा घेऊन आल्या, पडद्यावर काय चाललंय म्हणून विचारलं. मी सोपं करून सांगितलं. मग त्या मुलाबद्दल सांगू लागल्या. त्यांचा मुलगा सचिन हिंगणघाटकडे सरकीच्या तेलाच्या कारखान्यात होता. बॉयलर फुटला. घरी गाठोडं आलं, ते कोणी सोडू दिलं नाही. "माह्या सचिनले असंच जोडता येईन काय, बाई?" माझ्याच्यानं 'नाही' म्हणवलं नाही.

१२ एप्रिल
दुपारी त्यांनी अंगणात खडूनं कारखाना आखला. सचिनचं जे जिथं सापडल्याचं कामगारांनी सांगितलं होतं, तिथं खडा ठेवला. चप्पल फाटकाशी. हात सरकीच्या ढिगात. बाकीचं लिहवत नाही. त्यांच्या मनाला बरं वाटावं म्हणून मी ती मापं रेणूच्याच प्रोग्राममध्ये भरली. रेषा मागे मागे सरकत एका जागी मिळाल्या. पडद्यावर माणूस उभा राहिला. मनकर्णाबाई त्याच्या गालावरून बोट फिरवत राहिल्या.

१३ एप्रिल
घरभर तेलाचा, ओल्या वाफेचा वास. मधल्या खोलीत त्यांनी दोन ताटं वाढली. कोण येणार, विचारलं. हसून म्हणाल्या, "सचिन येऊन राह्यला." मी ती आकृती पुसून टाकली. वास गेला नाही.

१४ एप्रिल
मधल्या खोलीच्या कडीला हात लावला, चटका बसला. फटीतून पाहिलं. तो उभा आहे. अख्खा. पापणीही हलत नाही. त्या घास भरवत होत्या, भात त्याच्या ओठांवरून खाली पडत होता. मी दूर व्हा म्हणून ओरडले. "काऊन? अख्खा भेटला मले."

१५ एप्रिल
आज त्याची बोटं हलली. फार सावकाश.
मी उभा केला तो फुटण्याच्या आधीचा क्षण. तो क्षण पुढे सरकतो आहे— आणि त्याच्यानंतर—

दुपार
त्यांनी दार आतून लावलं. मी फाटकापर्यंत पळाले. परत आले. त्यांना एकटं टाकून कशी—
दार उघडत नाही. तापलंय.

आत शिट्टी. वाढतेय. भिंतीचा पोपडा फुगला—
त्या म्हणताहेत, आता मले सोडून नको जाजो, राजा—
तो बोलला. पहिल्यांदाच. म्हणाला, माय, दूर—