धुरातले तीन दिवस

प्रिय दादा,

बरा असशील. असशीलच म्हणा, फोटोच सांगतो. मी ज्या गोदामात खोकी भरतो, तिथे परवा आपल्या गावचं चीज आलं. वेष्टणावर गावाचं नाव, भौगोलिक मानांकनाचा शिक्का, आणि मागे तू, पांढरा ॲप्रन घालून, चीजचा गोळा तान्ह्या लेकरासारखा धरून. दिवसभर तुलाच खोक्यात कोंबत होतो. सोबतचे म्हणाले, हा तुझ्यासारखाच दिसतो, फक्त खाऊनपिऊन सुखी. मी म्हटलं, असेल कुणीतरी.

आत एक चिठ्ठी असते. माझं शिक्षण तुला ठाऊक आहे, तरी जेवणाच्या सुट्टीत अक्षराला अक्षर लावून वाचली. गावच्या शिवेच्या आत बनवलेलं, तीन दिवस चुलीच्या धुरात ठेवलेलं, पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत. अरे, कसल्या पिढ्या, सहा वर्षं झाली. चुलीवरच्या फळीवर चार गोळे विसरून मी मॅच खेळायला गेलो तो तिसऱ्या दिवशी उगवलो. बाबांनी मला बदडलं आणि तू ते काळवंडलेले गोळे उकिरड्यावर टाकायला निघालास. आईने एक कापून चाखला म्हणून वाचले. मग गिऱ्हाईक तेच मागायला लागलं.

इथे भाड्याच्या खोलीत मी दोनदा तसंच बनवलं. चव तीच, रे. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला दिलं, कागदावर गावाचं नाव घालून. त्याने नाव खोडलं. म्हणे, शिवेबाहेरच्या मालाला हे नाव लावलं तर केस होते. गाव माझं, चूक माझी, आणि नाव लावायचं तू. जळतो मी तुझ्यावर, खोटं कशाला बोलू. फोटोतलं तुझं हसू बघून तर जेवण गेलं नाही.

आता मुद्द्याचं. एका मोठ्या डेअरीचा वकील मला शोधत खोलीवर आला होता. पद्धत जुनी नाही असं ठरलं, तर मानांकन जाईल आणि त्यांनाही ते नाव वापरता येईल. म्हणून हे सगळं माझ्या विसरण्यातून सुरू झालं, अशा जबाबावर त्याला माझी सही हवी आहे. कागद ठेवून गेलाय, महिनाअखेरीस परत येणार. मला वाटा नको, वेष्टणावर फोटो नको. फोनवर गोडगोड बोलू नकोस. तू फक्त एक ओळ तुझ्या हाताने लिहून पाठव, की ते गोळे धाकट्याने विसरले होते. ती ओळ माझ्या हाती पडली तर अख्ख्या गावाचं नाव मला बुडवता येईल, हे मला कळतं. तुलाही कळेल. तरी लिही.

तुझाच,
अजून सही न केलेला धाकटा