साहेबांचा नकाशा आणि माझा किनारा

तीर्थरूप काका,

साष्टांग नमस्कार (गुडघा धरलाय, तेव्हा एक अंग कमी समजावं). तुमचा खोकला कसा आहे? गोदामातली धूळ तो बरा होऊ द्यायची नाही. काकूंनाही नमस्कार. मी खुशाल आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

तुम्ही शब्द टाकलात म्हणून मी तुमच्याच कंपनीत चिकटलो, तेव्हा पुढचं तुम्हाला कळायलाच हवं. साहेबांच्या मनात आलं, कंपनीचा नकाशा हवा. इमारतींचा नव्हे, माणसांचा. प्रत्येक माणूस एक ठिपका. ज्यांच्यात मेलची ये-जा जास्त ते शेजारी, बाकीचे लांब. प्रत्येक खातं म्हणजे एक देश, भोवती निळा समुद्र (भिंतीवर शोभतो म्हणे). काम माझ्या गळ्यात पडलं. मी प्रोग्राम लिहिला. तो दोन ठिपक्यांची अदलाबदल करून बघतो. एकमेकांना लिहिणारी माणसं जवळ आली तर ठेवतो, नाहीतर पुन्हा जागच्या जागी. असं लाखो वेळा. कपाट हलवताना काकू करतात तेच, फक्त यंत्र कुणावर ओरडत नाही.

पहिला नकाशा सुरेख आला. मधोमध दुरुस्तीवाला आणि टेलिफोनवाली बाई, कारण त्यांच्यावाचून सगळ्यांचं अडतं. साहेब वरच्या टोकाला, एका खडकावर (त्यांना कुणी आपणहून लिहीत नाही, त्याला मी काय करू?). साहेब म्हणाले, "हे चुकलंय. मी मध्ये हवा." मग त्यांना गेलेला एक मेल दहांच्या बरोबरीचा धरायचं ठरलं. झालं! "वा साहेब", "छान साहेब" लिहिणारे राजधानीत जाऊन बसले आणि कामाची माणसं समुद्राकडे ढकलली गेली. इथवर मला हसू येत होतं.

मग साहेबांनी मीटिंगमध्ये किनाऱ्यावरून पेन्सिल फिरवली आणि विचारलं, "ही एवढी लांबची माणसं आपल्याला हवीत कशाला?" राजधानीतून टाळ्या. आता महिनाअखेरीस नकाशा पुन्हा काढायचा आणि जो किनाऱ्यावर सापडेल त्याला नारळ. आणि काका, पाण्यात पाय सोडून कोण बसलंय? मी! इतके महिने यंत्राशीच बोलत होतो, माणसांना लिहायला वेळ कुठे होता? आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला, तोही रंगीत छापून. साहेबांचा राग येतोच, त्याहून जास्त माझ्या सुबक कामाचा येतो.

काकूंनी काळजी करू नये, असं त्यांना सांगा. मी करतोच आहे.

तुमचा पुतण्या

ता. क. : खरं काम राहिलंच. पत्र हाताने लिहिलंय, कारण कागद प्रोग्रामला दिसत नाही. तुम्ही रोज दुपारी ऑफिसच्या मेलवर "जेवलास का?" विचारता, ते कृपया बंद करा. गोदाम माझ्याही पलीकडे, भर समुद्रात आहे. तुमच्या प्रत्येक मेलसरशी मी तिकडे ओढला जातो. त्यापेक्षा साहेबांना विचारत जा, जेवलात का. तुमचंही भलं होईल.

आणखी एक : तुमचा ठिपका मी हाताने उचलून साहेबांच्या शेजारी ठेवून पाहिला. कितीदा ठेवला तरी प्रोग्राम तो माझ्याजवळच आणून सोडतो. मला लिहिणारं दुसरं कुणी नाहीच, तो तरी काय करणार! मेल मात्र बंद कराच.