काच चालत नाही

४ मार्च
नव्या गावात सुखरूप पोचलो. क्वार्टर झकास आहे. दोन खोल्या, भरपूर उजेड, आणि खिडकीतून थेट मेट्रो स्टेशनचा जिना दिसतो. भिंगरीने, म्हणजे आमच्या लेकीने (एका जागी ठरत नाही म्हणून हे नाव), आल्या आल्या सगळी कपाटं उघडून पाहिली. बायको म्हणाली, झडतीची नोकरी बापाला आणि हौस लेकीला! उद्यापासून गणवेश.

५ मार्च
काम सोपं आहे. मेट्रो स्टेशनच्या फाटकातून माणूस आत आला की कधी हिरवा दिवा लागतो, कधी लाल. लाल लागला की त्याची पिशवी टेबलावर रिकामी करायची. साहेब म्हणाले, दिवा कुणाचं तोंड बघून लागत नाही, आपणही बघायचं नाही. मनाई असलेली वस्तू टेबलाखालच्या लोखंडी पेटीत टाकायची. तिथून काही परत मिळत नाही.
आज कपडे शिवणाऱ्या एका बाईंची कात्री टाकली. पोटावर पाय देताय, असं म्हणून त्यांनी मला चांगलंच सुनावलं. मी म्हटलं, नियम आहे. म्हणताना बरं वाटलं, खोटं कशाला लिहू?
संध्याकाळी घरातली कात्री सापडेना. बायको म्हणाली, गावाच्या पिशव्या शोधता, आता ही शोधा.

८ मार्च
एका आजोबांचा थर्मास घेतला. बंद भांडं चालत नाही. घरी आलो, तर आमचा थर्मास गायब. सामान हलवताना राहिला असेल, असं बायको म्हणते. पण कालच त्यातला चहा प्यायलो होतो.

१२ मार्च
आज मुद्दाम पारखून पाहिलं. एकाचं नेलकटर पेटीत टाकलं. घरी डबा उघडला, आमचं नव्हतं. पेटी कधी भरत नाही. टाकलेली वस्तू तळाला लागल्याचा आवाजसुद्धा येत नाही.
शेजारच्या टेबलावरच्या मिशीवाल्यांना विचारलं. जुने आहेत. ते हसले. म्हणाले, सुरुवातीला सगळ्यांचं असं होतं, माझ्या घरातून आता जाण्यासारखं काही उरलं नाही. एकटेच राहतात. फक्त घरात ताटं तीन का आहेत, ते त्यांना कळत नाही. मला वाटलं, थट्टा करतात.

१५ मार्च
आता पिशवी टेबलावर आली की आधी आठवून बघतो, ही वस्तू आपल्याकडे आहे का? असेल तर डोळेझाक करतो. नसेल तर जप्त. सुटलेले लोक माझे आभार मानतात. मला स्वतःची किळस येते.
साहेबांच्या लक्षात आलं. जप्ती कमी झाली, क्वार्टर नकोय का, असं त्यांनी विचारलं.

१९ मार्च
लाल दिवा. एक बाई. पिशवीत काचेच्या चौकटीतला एका मुलीचा फोटो. मुलगी वारली, असं बाई म्हणाल्या. फोटोला नवी दोरी लावून आणली होती. साहेब माझ्या मागेच उभे.
काच चालत नाही, मी म्हटलं. बाई म्हणाल्या, दादा, काच घ्या, फोटो तेवढा द्या. मी देऊ शकलो असतो. काच काढायला कितीसा वेळ लागतो? पण क्वार्टर आठवलं. आणि मनात म्हटलं, आपल्या घरी चौकटीतला फोटो एकही नाही. जाऊन जाऊन काय जाणार? अख्खी चौकट पेटीत सारली.
बाई रडल्या नाहीत. रिकामी पिशवी घडी करून निघून गेल्या.
घरी आलो. बायको भाजी निवडत होती. दाराशी लहान चपला नव्हत्या. भिंगरी कुठे, म्हणून विचारलं. तिने विचारलं, कोण भिंगरी?

२० मार्च
शाळेत गेलो. तिथे कुणी ओळखत नाही. कपाटात एकही फ्रॉक नाही—
पेटी उचकटली. खाली नुसती फरशी. साहेब शांतपणे म्हणाले, काय हरवलं त्याचं वर्णन द्या. द्यायला गेलो, तर डोळ्यांचा रंग—
बायको म्हणते, दमलात, झोपा. आपल्याला मूल कुठे होतं, म्हणते. आणि तीही रडते. का रडते, ते तिलाच—
मिशीवाल्यांनी पाठीवर थोपटलं. त्या हाताची चीड आली.

२१ मार्च
दिव्याने नाही. साहेबांनीही नाही. मी सारली. या हाताने—
जेवायला तीन ताटं घेतली. तिसरं कुणाचं, बायकोने विचारलं. सांगता येईना—
विसरायच्या आत लिहून ठेवतो. पुढचा दात पडलेला. कपाटं उघडायची. एका जागी ठरायची नाही, म्हणून लाडाने तिला आम्ही—
तिला मी—