तुम्ही ज्या रंगासाठी थांबलात

प्रिय आप्पा,

तुम्ही गेल्यापासून तुमच्याशी बोलायचं मी टाळत आले. पण काल सुदामकाका नाशिकला आले आणि आता गप्प बसवत नाही.

तुमच्या शेजारच्याच भट्टीवर जन्मभर रेशीम रंगवणारे आपले सुदामकाका, गंगापूर रोडवर आमच्या प्रयोगशाळेच्या दाराशी चपला काढून उभे होते. गालाच्या आतला चट्टा दाखवून म्हणाले, "डॉक्टर कापू म्हणतो. पण तुझा रंग हाय ना? आप्पा सांगायचे. मी थांबतो की."

आणि मी काय विचारलं, माहितीये? चहा घेणार का, म्हणून! तुमच्या वेळीही माझी जीभ अशीच अडकली होती.

आठवतं का, दिवाळीत मी येवल्याला आले होते? तुम्ही कढईतून रेशमाची लडी वर काढत होतात. मी ऐटीत सांगितलं, की आमचा रंग कॅन्सरच्या पेशीत जाऊन बसतो, अंधारात काहीच करत नाही, पण त्यावर प्रकाश टाकला की त्या पेशीला मारतो. तुम्ही हातातली काठी खाली ठेवलीत. रंग उडू नये म्हणून आयुष्यभर उन्हाला भ्यायलेला माणूस तुम्ही, आणि लेकीचा रंग उजेडातच कामाला लागणारा! दोन दिवसांत सगळ्या गल्लीला तुम्ही ते सांगून आलात.

मला ते फार आवडलं, आप्पा. म्हणूनच पुढचं सांगितलं नाही. हे सगळं अजून काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर चाललंय, माणसापर्यंत पोचायला कित्येक वर्षं लागतील, कदाचित पोचणारही नाही, हे एवढंच तर सांगायचं होतं.

मग तुमच्या गालात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, लगेच ऑपरेशन करा. तुम्ही आईला म्हणालात, "पोरीचं औषध येऊ दे, मग पाहू." आईने ते मला फोनवर सांगितलं. मी "बघू" म्हणाले आणि विषय बदलला.

नवा रंग आला की तुम्ही आधी चिंधीला लावून गच्चीवर पंधरा दिवस उन्हात टांगायचात, मगच गिऱ्हाइकाच्या रेशमाला हात लावायचात. मीही तसंच काही करत असेन आणि रंगाऱ्याला घाई करू नये, असं तुम्ही धरून चाललात. दोन महिने फोनवर एका शब्दाने विचारलं नाहीत. व्यापाऱ्याने रंगाची पुडी आणली तर त्याला शंभर प्रश्न विचारून भंडावून सोडायचात. मला एक तरी विचारायचा होतात ना!

शेवटी मीच येऊन तुम्हाला दवाखान्यात नेलं, तोवर गाठ मानेत उतरली होती. आधी आलो असतो तर वाचला असतात का, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मला कुणी बोल लावत नाही, हेच सहन होत नाही. आई आल्यागेल्याला अभिमानाने सांगते, "शेवटपर्यंत लेकीच्या रंगावर भरवसा होता त्यांचा." मी शेजारी मान खाली घालून बसते. पेशीत पोचण्याआधी आमच्या रंगावर उजेड पडला तर तो वाया जातो, म्हणून खिडक्यांना काळा कागद चिकटवलेल्या खोलीत मी दिवसभर काम करते. हे काम सोडावं, तर आईचा तेवढा एकच आधार जाईल. करत राहावं, तर प्रत्येक बशीत मला तुमचा गाल दिसतो. मागच्या आठवड्यात प्रयोग छान जमला, सरांनी पेढे वाटले. मी हातात पेढा घेऊन त्याच खोलीत गेले आणि आतून कडी लावली.

काल काकांना येवल्याच्या बसमध्ये बसवून दिलं. खिडकीतून ते म्हणाले, "तू घाई नको करू, पोरी. सावकाश कर." बस गेली तरी मी तिथेच उभी होते.

आप्पा, तुम्हाला शब्द देते. उद्या सकाळी पहिल्या बसने मी येवल्याला येते. काकांना आपल्या घरी बोलावीन आणि आईसमोर सांगेन, की माझ्याकडे औषध नाही, आजच दवाखान्यात चला. काका विचारतील, मग आप्पा कशासाठी थांबले? तेव्हा चहाचं विचारणार नाही. सांगेन, की ते वाट बघतायत हे मला माहीत होतं, आणि मी त्यांना बघू दिली. त्यानंतर आई माझ्याशी बोलली नाही, तरी काकांना घेऊनच निघेन.

तुमची,
वैशू