पहिल्या पंगतीचं वय

चि. सुशील यास जनूकाकाचे आणि वाडीतल्या झाडून सगळ्या म्हाताऱ्यांचे आशीर्वाद. (आशीर्वाद द्यावेत इतका मोठा मला इथं कोणी समजत नाही, म्हणून माझे सगळे परदेशी पाठवतोय.) सौ. दिशाची कंबर आता कशी आहे? चि. ऋत्विक अजून मराठीत रडतो की तेही तिकडचंच शिकला? इकडे सगळ्यांच्या तब्येती वयाच्या मानाने आहेत, आणि वयं तुला ठाऊकच आहेत. तुझी खोली झाडून ठेवलीय, पण तू यायची तसदी घेऊ नकोस. विमानाचं तिकीट म्हणजे काही पेण-रोहा एसटी नव्हे. हे फोनवरच बोललो असतो, पण मुद्द्याची गोष्ट निघाली की नेमका तुझ्याकडे आवाज तुटतो.

परवा तू सांगत होतास की तुझ्या त्या चिमुकल्या देशात (नकाशात बोट ठेवलं की आख्खा झाकून जातो) म्हातारे फार झालेत, सत्तरीची माणसं हॉटेलात टेबलं पुसतात आणि सरकार निवृत्तीचं वय वाढवतच चाललंय. केवढा हळहळत होतास! अरे, आपला देश, म्हणजे आपली वाडी, त्याहून लहान आणि हे सगळं इथं कधीच होऊन गेलं. काळुरामच्या दुकानातल्या गोळ्यांच्या बरण्यांत आता इसबगोल भरलेलं असतं. न्हावी यायचा बंद झाला, म्हणतो, पेणहून यावं एवढे केस तुमच्या वाडीत उरले नाहीत. वाल सोलायला पाहिजे तितके हात मिळतात, वाल पेरायला एक मिळत नाही. पोरं रोह्याच्या कंपन्यांत शिफ्टला गेली, तिथून पनवेलला, आणि तुझ्यासारखी हुशार होती ती समुद्रापार. राहता राहिलो मी. पासष्टीचा मी वाडीतला सगळ्यात लहान! तरुण मंडळाचा अध्यक्ष मी, सेक्रेटरी मी, आणि सभासद म्हणशील तर तोही मीच. नारळ पाडायचे, देवळाची कौलं परतायची, कुणाच्या मोबाइलचा आवाज गेला, की एकच हाक, "जन्या कुठं हाय?"

तुला हनुमान जयंतीचा भंडारा आठवतो ना? साठीच्या वरच्यांनी पहिल्या पंगतीला बसायचं आणि साठीच्या आतल्यांनी वाढायचं, हा गावकीचा नियम. मी चड्डीत होतो तेव्हा मिठावर लागलो. मिठावरून पाण्यावर बढती झाली, पाण्यावरून भातावर, भातावरून वालाच्या बिरड्यावर, आणि तुपाची वाटी हातात आली तेव्हा माझं लग्न होऊन गेलं होतं. आणि रीत कशी, तर बसणाऱ्याने दोनदा 'नको' म्हणायचं आणि वाढणाऱ्याने तिसऱ्यांदा ऐकायचं नाही. आपले आबा, म्हणजे तुझे महिपतीआजोबा, 'नको नको' करत दोन्ही हात पत्रावळीवर आडवे धरायचे, पण बोटांमध्ये भात पडेल एवढी फट ठेवायचे. ती फट मला बरोबर दिसायची. त्या दिवशी आबा मला फार आवडायचे. (बाकीचे दिवस ते मारायचे.) देवळासमोर पार पिंपळापर्यंत गेलेली ती ओळ, मांडवातला तो आरडाओरडा आणि घामाघूम झालेली आम्ही पोरं, हे आठवलं की सुशील, अजून हात तुपाची वाटी शोधायला लागतो.

मला साठ पूर्ण झाली तेव्हा मी नवी टोपी घेतली. गावकीचे हैबतराव म्हणाले, "जन्या, तू बसलास तं वाढंल कोन?" आणि त्यांनी वय पासष्ट केलं. (तुझं सरकार आमच्याकडूनच शिकलं असणार.) यंदा पासष्ट भरली तर सत्तर करायची कुजबुज सुरू झाली. मग मात्र मी रुसलो. चार दिवस कुणाचा मोबाइल दुरुस्त केला नाही. शेवटी गावकीने वर्गणी वाढवली आणि रोह्याहून केटरिंगची पोरं बोलावली.

तर मी बसलो. टोपी घालून, हैबतराव आणि गिरजाकाकी यांच्या मधोमध. पोरं चांगली होती, चपळ, हातमोजे घातलेली. पहिलं वाढून झालं, घासभर भात, चमचाभर बिरडं. मग एकजण भात घेऊन परत आला. हैबतराव रीतीप्रमाणे म्हणाले, "नको." पोरगा पुढे गेला. गिरजाकाकी म्हणाली, "नको रं बाबा." पोरगा पुढे गेला. मग तूप आलं. जन्मभर दुसऱ्यांना वाढलेलं तूप, सुशील, आणि मीही सवयीने म्हणालो, "नको." गेलं ते तूप! एवढीशी पंगत, बघता बघता संपली. पातेली भरलेली आणि माणसं उपाशी. हैबतराव खवळले, "आरं, नको म्हनलं म्हंजे नको व्हय?" पोरगा घाबरून म्हणाला, "मग काय म्हणायचं असतं, आजोबा?" आजवर पंगतीत मागून कोणी जेवलंच नव्हतं.

गिरजाकाकी काठी टेकत हात धुवायला उठायला लागली. सकाळपासून तिच्या पोटात फक्त चहा होता. मग मला बसवेना. टोपी काढली, पंचा बांधला, खिरीचं भांडं उचललं. "काकी, घे." "नको रं जन्या." "घे गो." "नको." तिसऱ्यांदा मी विचारलंच नाही, ओतली. ती बोळक्या तोंडाने हसली आणि म्हणाली, "तुझ्या आबासारखाच हायस." मला रडू आलं, पण वाढप्याने खिरीत रडू नये. सगळी ओळ पुन्हा वाढून काढली आणि शेवटी त्या पोरांबरोबर जेवायला बसलो. 'नको' म्हणालो नाही.

असं आमचं चाललंय. तुमच्याकडच्या टेबलं पुसणाऱ्या आजोबांना माझा नमस्कार सांग. पुढच्या चैत्रात पुन्हा भंडारा आहेच, पण तू खरंच येऊ नकोस. पोराची शाळा बुडेल.

तुझा,
जनूकाका

ता. क. : हैबतराव म्हणतात, घरचा एक वाढपी मिळाला तर मला बसायची परवानगी आहे. सहज कळवलं. आबांचा पंचा धुऊन ठेवलाय. ऋत्विकला मीठ जमेल, ते काही अवघड नसतं.

आणखी एक : गिरजाकाकीची खीर मात्र मीच वाढीन. मग बसेन.

शेवटचं : गणपतीत तू फोनवर विचारलंस, "काका, येऊ का?" मी म्हणालो, "नको रे, कशाला खर्च." आणि तू लगेच "बरं" म्हणालास. तूही त्या केटरिंगच्या पोरांतलाच झालास की रे. या पत्रातही मी तुला दोनदा 'नको' लिहिलंय. मोजून बघ, आणि तिसऱ्यांदा विचारू नकोस. ये.