पहिल्या पाटाची मूर्ती

बाबा, हे तुम्हाला लिहितोय, पण एकट्या तुम्हाला नाही. मुंबईच्या त्या इस्पितळात मुलांच्या वॉर्डाबाहेर लाकडी बाकांवर तुमच्या शेजारी बसलेल्या सगळ्या बापांना लिहितोय. कोणी नागोठण्याकडचा होता, कोणी पार बिहारचा, आणि एकाचं गाव शेवटपर्यंत कळलंच नाही. तुमची सगळ्यांची तक्रार एकच होती आणि ती तुमच्यापैकी कोणी मोठ्याने केली नाही. डॉक्टर मन लावून झटत होते, लोकांनी पैसेही दिले होते, पण तुमच्या पोरांना लागणारं औषध तोवर कोणी शोधलंच नव्हतं. मोठ्यांच्या आजारांना गिऱ्हाईक पुष्कळ. पोरांचा हा आजार त्या मानाने कमी, म्हणून त्याच्या औषधामागे धावणारेही कमी. मी उभा जन्म रोह्याच्या कंपन्यांच्या गेटवर कामगारांसाठी ओरडत काढला, मालकांचे नाना तऱ्हेचे हिशेब पाहिले, पण याच्याइतका निर्दय हिशेब माझ्या पाहण्यात नाही.

उद्या पेणला गणपतीच्या कारखानदारांची सभा आहे. तुम्ही सुरू केलेली पहिल्या पाटाची रीत तुमच्या मागे ठेवायची की मोडायची, ते उद्या ठरणार. भाषण तयार करायला बसलो होतो आणि हे लिहू लागलो.

कारखान्यातली ती दुपार मला पुनःपुन्हा दिसते. गणपती जवळ आलेले, फळ्यांवर मूर्ती दाटीवाटीने उभ्या, तुम्ही डोळ्यांची आखणी करताय आणि तुमच्याशी बोलायची कोणाला परवानगी नाही. माझी धाकटी बहीण खाली बसून उंदीर रंगवते आहे. सगळ्या कारखान्याचे उंदीर तिचे. प्रत्येकाची मिशी वेगळी, एखाद्याचा चेहरा तर थेट आपल्या शेजारच्या काकांसारखा. ती फिकट दिसत होती, पण त्या दिवसांत प्लास्टरच्या धुळीने आपण सगळेच फिकट दिसायचो. दमली होती, पण दमलं कोण नव्हतं? आणि तिच्या नडग्यांवर बारीक लाल-जांभळे ठिपके होते. मूर्तीच्या पितांबराला मारायचा रंग फवाऱ्यातून उडाला की अगदी तसेच ठिपके पडतात. आईने आधी साबण लावला. पाण्याने जात नाही म्हटल्यावर तेलाचा रंग असणार म्हणून रॉकेलचा बोळा घेतला.

"आई गो, चुरचुरतंय."

"बस गो नीट. रंगाची पोर आणि रंगाला भिते!"

बोळा स्वच्छ तो स्वच्छच राहिला. आई त्याच्याकडे बघत राहिली, मग पुन्हा घासू लागली. ज्या घरात रंग नाही त्या घरातली आई ते ठिपके बघून दवाखान्यात धावली असती. आपल्या घरात आधी बोळा निघाला.

रक्ताचा कर्करोग, असं मुंबईला कळलं. ते ठिपके कातडीखाली साकळलेल्या रक्ताचे होते. रॉकेलने काही बिघडलं नाही, थोड्या दिवसांच्या उशिरानेही नाही, असं डॉक्टरीणबाईंनी आईला समोर बसवून सांगितलं. आईने हो म्हणून मान हलवली. तिला ते पटलं नाही, अजून पटलेलं नाही. आजही कारखान्यात कोणाचं पोर आलं की तिची नजर आधी त्याच्या पायांवर जाते. पदराचं टोक ओलं करून ती ठिपके पुसून बघते, आणि रंग पदराला लागला की मगच पोराच्या हातावर लाडू ठेवते.

पहिल्या खेपेला धाकटी बरी झाली. गावाने वर्गणी काढली होती. रोह्याला माझ्या शिफ्टच्या कामगारांनी तर मी न मागता पैसे आणून दिले. केस गेलेली ती खाटेवर बसून तुम्हाला विचारत होती, "माझे उंदीर कोण रंगवतंय?" तुम्ही म्हणालात, आई रंगवते. "मग सगळे सारखेच हसत असतील," ती म्हणाली. वॉर्डातली नर्ससुद्धा हसली. पुढच्या मोसमात ती पुन्हा खाली बसून मिश्या काढत होती. मग ते ठिपके परत आले, आणि या वेळी कोणी रॉकेल काढलं नाही.

डॉक्टरीणबाई त्या दिवशी तुमच्याशी जे बोलल्या ते मी जसंच्या तसं सांगू शकतो. पहिल्या खेपेला तिला जी औषधं लागू पडली ती आधीच्या पोरांमुळे कळली होती. कोणत्या पोराला काय दिलं, किती दिलं, कोण वाचलं, कोण गेलं, हे वर्षानुवर्षं जपून पाहिलं म्हणून कळली. ते जपायला माणूस लागतो, रक्ताचे नमुने ठेवायला थंड कपाट लागतं, ते तपासणाऱ्या तरुण डॉक्टरांना पगार लागतो. यातलं बरंचसं कोणा अनोळखी लोकांच्या देणगीवर चालतं. "आजार उलटला की पुढे काय, ते आम्हाला अजून माहीत नाही," त्या म्हणाल्या. तुम्ही विचारलंत, "माहीत व्हायला काय लागेल?" असा प्रश्न त्यांना त्या बाकांवरून कधी आला नसावा.

धाकटी गेली. वर्गणीतले काही पैसे उरले आणि त्यासाठी आपल्याच कारखान्यात बैठक बसली. कोणी म्हणालं परत वाटा, कोणी म्हणालं देवळाला पत्रे घाला. तुम्ही म्हणालात, तिथे औषध शोधतात, तिथे पाठवा. शेजारचे काका उसळले, "अरे, पोरगी गेली! आता औषध कोणाला?"

"जी पोर अजून आजारी पडली नाय, तिला."

"बरं. नावाची पाटी तरी लावतील काय?"

"नाय लावणार."

"मग लोकांना कळायचं कसं?"

"लोकांना नाय कळलं, तर औषध लागू पडत नाय काय?"

तेव्हा मीही तुमच्याविरुद्ध बोललो होतो. हे सरकारचं काम आहे, गरिबाच्या खिशातून का, असं मी म्हणालो, आणि ते मी आजही म्हणतो. त्याच आठवड्यात रोह्याजवळ धाटावला गेट मीटिंगमध्ये मी हेच गरजत होतो, तर मागे तुम्ही उभे, नखांत सोनेरी रंग तसाच. सभा संपल्यावर चहाच्या टपरीवर तुम्ही म्हणालात, "चांगला बोलतोस. सरकारशी भांड, सोडू नको. पण सरकार देईल तेव्हा देईल. तोवर पोरं आजारी पडायची थांबतात काय?" मग बशीतला चहा संपवलात आणि पेणची एसटी पकडलीत. त्या वर्षीपासून मोसमात दारात येणारा पहिला पाट तुम्ही बाजूला ठेवू लागलात. गिऱ्हाईक आपला पाट आणून देतं, त्यावर त्याची मूर्ती बसते. त्या पहिल्या मूर्तीचा सगळा पैसा मुंबईला. हळूहळू शेजारच्या हमरापूरचे कारखानेही या रीतीत आले. काकांनी तर सगळ्यांच्या आधी पाट ठेवला, वर मलाच टोमणा मारला, "बघ, भाषण न करता झालं."

त्यातून काय झालं? मी सभेत छाती ठोकून सांगू शकत नाही, आणि खोटं सांगणार नाही. गेल्या वर्षी आपल्या भागातली दोन पोरं त्याच वॉर्डात होती, दोघांचा आजार उलटलेला. कोलाडची मुलगी घरी आली. आपल्या आळीतला मुलगा नाही आला. डॉक्टरीणबाई आता म्हाताऱ्या झाल्यात. त्या म्हणाल्या, धाकटीच्या वेळी जिथे आम्ही हात टेकले, तिथून पुढे आता थोडी वाट आहे, सगळ्यांना पुरेल इतकी नाही. त्या वाटेत आपला खडा कोणता, ते कोणाला दाखवता येणार नाही. कारखान्यांतली तरुण पोरं नेमकं तेच विचारतात. परवा शेजारच्या काकांचा नातू मला म्हणाला, "काका, अँब्युलन्स घेऊया. हायवेला रोज अपघात होतात. बाजूला आपलं नाव असेल. संशोधन दिसतं काय कोणाला?" तो वाईट नाही, गाडीही हवीच आहे. तिच्यासाठी मी वेगळी झोळी घेऊन दारोदार फिरेन. पण पहिल्या पाटातून ती घेतली, तर उलटलेल्या आजाराचं पोर घेऊन त्या गाडीतून उतरणाऱ्या बापाला बाकावर काय सांगणार?

रॉकेलच्या बोळ्याची गोष्ट सांगितली तर उद्याची सभा मी जिंकेन. इतकी वर्षं बोलतोय, कशाने माणसं हलतात ते मला कळतं. पण आई पहिल्या रांगेत बसणार आहे, आणि तो बोळा अजून तिच्या हातातून सुटलेला नाही. म्हणून तो इथे लिहून टाकला. हा कागद कुठे पाठवायचा नाही, सभेला न्यायचा नाही. आणि बाबा, कबूल करतो, त्या गोष्टीवाचून उभं राहायचं तर मला भीती वाटते. आयुष्यात पहिल्यांदा भाषणाची भीती वाटते आहे.

तरी उभा राहीन आणि एवढंच मागेन: कारखानदारांनो, यंदा दारात पहिला पाट येईल तो त्या पोरांसाठी बाजूला ठेवा.